बिटकॉइनने पुपुसा मिळेल का?

मुलांनो, पुपुसा हे नाव तुम्ही कधी ऐकलं आहे का? नाही ना? मग आधी त्याचीच ओळख करून घेऊ. मक्याच्या पिठाचा गोळा घ्यायचा, त्यात चीज किंवा शिजवून घोटलेल्या घेवड्याचं सारण भरायचं, हातावर थापायचा आणि तव्यावर खरपूस भाजायचा. आपल्या भाकरीचं आणि पुरणपोळीचं हे जणू लांबच्या देशातलं भावंडच! मध्य अमेरिकेतल्या एल साल्व्हादोर या चिमुकल्या देशात रस्त्यारस्त्यावर पुपुसा भाजले जातात. एका पुपुसाची किंमत साधारण एक डॉलर, पुष्कळ ठिकाणी त्याहूनही कमी.

आता तुम्ही म्हणाल, मथळ्यात बिटकॉइन आणि लेखात स्वयंपाक, हे काय? त्याचं कारण असं, की याच देशाने जगात सर्वांत आधी एक मोठा प्रयोग करून पाहिला. बिटकॉइन हे फक्त संगणकात राहणारं चलन आहे. त्याने रोजच्या बाजारात खरेदी-विक्री करायची, असा तो प्रयोग होता.

'क्रिप्टो' हा शब्द हल्ली तुमच्या कानांवर सारखा पडत असेल. कोणाच्या तरी मामाचे पैसे दुप्पट झाले म्हणतात, कोणाच्या तरी काकांचे बुडाले म्हणतात. ज्याला त्याला भाव किती चढला आणि किती पडला याचीच चिंता. पण एक साधा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. भाजी घेणाऱ्या, फी भरणाऱ्या, गावी पैसे पाठवणाऱ्या साध्या माणसाचं यामुळे एखादं काम सोपं होतं का? चला तर, या प्रश्नाचं उत्तर आपण पुपुसाच्या गाड्यावरच शोधू.

पैशाला काय काय यावं लागतं?

गाड्यावर एक मावशी उभ्या आहेत असं समजा. (या मावशी आपल्या कल्पनेतल्या आहेत. पण लेखातल्या तारखा आणि आकडे खरे आहेत बरं का!) मावशींना पैसा कशासाठी लागतो? एक, गिऱ्हाइकाकडून घेण्यासाठी आणि पिठाच्या दुकानदाराला देण्यासाठी. दोन, पुपुसाची किंमत सांगण्यासाठी. 'एक पुपुसा एक डॉलर' असं त्या पाटीवर लिहितात. तीन, आज मिळवलेलं उद्यासाठी, परवासाठी राखून ठेवण्यासाठी.

ही तीन कामं जो नीट करतो तो पैसा. मग तो कवडीचा असो, चांदीचा असो, कागदाचा असो, नाहीतर फोनमधला असो. तो कशाचा बनला आहे याला महत्त्व नाही. समोरचा तो घेतो का, आणि उद्याही त्याची किंमत तेवढीच राहील का, याला महत्त्व आहे.

चाळीस मुलं, चाळीस वह्या

बिटकॉइन म्हणजे नेमकं काय? समजा, तुमच्या वर्गात ४० मुलं आहेत आणि तुम्ही गोट्यांची देवाणघेवाण करता. कोणाकडे किती गोट्या आहेत हे लिहायला वर्गप्रमुखाकडे एक वही आहे. आपली बँक साधारण अशीच असते. हिशेबाची वही तिच्याकडे आणि आपला विश्वास तिच्यावर.

आता दुसरी पद्धत पाहा. वर्गप्रमुख नाही. सगळ्या ४० मुलांकडे अगदी तीच वही आहे. 'सईने रोहनला ५ गोट्या दिल्या' असं जाहीर झालं, की सगळ्या ४० वह्यांत तीच ओळ लिहिली जाते. कोणी एकाने आपल्या वहीत गुपचूप खाडाखोड केली, तर बाकीच्या ३९ वह्या त्याला खोटं पाडतात. ही झाली बिटकॉइनची युक्ती! या वहीला 'ब्लॉकचेन' म्हणतात, कारण तिची पानं साखळीसारखी एकात एक अडकवलेली असतात. मागचं पान बदलायला गेलं, की पुढची सगळी साखळी तुटते.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने नऊ पानांचा एक लेख इंटरनेटवर आला. त्यात ही कल्पना मांडली होती. जानेवारी २००९ मध्ये ही वही सुरूही झाली. गंमत म्हणजे हे सातोशी नाकामोतो कोण, एक माणूस की अनेक माणसं, हे अजूनही गूढच आहे.

या वहीत नवं पान जोडायला जगभरचे संगणक एक अवघड कोडं सोडवण्याची शर्यत लावतात. जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून नवे बिटकॉइन मिळतात. साधारण दर दहा मिनिटांनी एक पान. एकूण बिटकॉइन मात्र २ कोटी १० लाखांच्या वर कधीच होणार नाहीत, असा नियम सुरुवातीलाच घालून दिलेला आहे. या शर्यतीला वीजही प्रचंड लागते. एखाद्या देशाला वर्षभर पुरेल इतकी!

कल्पना हुशारीची आहे, यात शंका नाही. पण हुशारीची कल्पना आणि उपयोगाची कल्पना या दोन्ही नेहमी एकच असतात असं नाही.

दहा हजार बिटकॉइनचे दोन पिझ्झा

२२ मे २०१० रोजी अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या एका माणसाने १०,००० बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा मिळवले. तेव्हा त्या साऱ्या बिटकॉइनची किंमत सुमारे ४० डॉलर होती. डिसेंबर २०२४ मध्ये एका बिटकॉइनचा भाव १ लाख डॉलरच्या वर गेला. करा बरं हिशेब! १०,००० गुणिले १,००,०००. म्हणजे १०० कोटी डॉलर. दोन पिझ्झांचे!

ही गोष्ट ऐकून सगळे हळहळतात, "अरेरे, त्याने ते ठेवायला हवे होते!" पण थांबा. ह्या हळहळण्यातच खरी मेख आहे. जी वस्तू उद्या दुप्पट होईल असं वाटतं, ती आज पुपुसासाठी कोण देईल? आणि जी उद्या निम्मी होईल अशी भीती वाटते, ती आज गल्ल्यात कोण घेईल? म्हणजे भाव चढताना देणारा हात आखडतो आणि भाव पडताना घेणारा. मधल्या मधे पुपुसा तव्यावरच राहतो.

एक देश पुढे आला

आता आपण एल साल्व्हादोरकडे वळू. हा देश आपल्या महाराष्ट्राच्या साधारण पंधराव्या हिश्शाएवढाच आहे. लोकसंख्या साठ-पासष्ट लाखांच्या घरात. २००१ पासून तिथे अमेरिकेचा डॉलरच चलन म्हणून वापरतात. म्हणजे मावशींच्या गल्ल्यातही डॉलरच.

जून २०२१ मध्ये तिथले अध्यक्ष नायिब बुकेले यांनी बिटकॉइनला डॉलरच्या जोडीने कायदेशीर चलन करण्याची घोषणा केली. काही दिवसांतच कायदा मंजूर झाला आणि ७ सप्टेंबर २०२१ पासून तो लागू झाला. गिऱ्हाईक बिटकॉइन देऊ लागलं, तर दुकानदाराने ते घेतलंच पाहिजे, असं त्यात म्हटलं होतं. ज्यांच्याकडे फोन आणि इंटरनेटची सोयच नाही, त्यांना तेवढी सूट होती.

यामागे दोन कारणं सांगितली गेली, आणि दोन्ही साध्या माणसाच्या गरजेचीच होती. पहिलं, देशातल्या शंभरातल्या सुमारे ७० जणांचं बँकेत खातंच नव्हतं. फोनमध्ये पैसा आला, तर बँकेची पायरी चढायला नको. दुसरं, या देशातली लाखो माणसं अमेरिकेत राबतात आणि घरी पैसे पाठवतात. एके काळी मुंबईतला चाकरमानी कोकणातल्या घरी मनीऑर्डर धाडायचा, तसंच! २०२० मध्ये असे सुमारे ५९० कोटी डॉलर देशात आले. देशाच्या एकूण उत्पन्नाच्या जवळजवळ चौथ्या हिश्शाएवढी ही रक्कम होती. पैसे पोहोचवणाऱ्या कंपन्या त्यातून आपली दलाली कापून घेतात. बिटकॉइनने पैसे पाठवले तर दरवर्षी ४० कोटी डॉलर वाचतील, असा अध्यक्षांचा दावा होता.

पटण्यासारखं वाटतं की नाही? मग पुढे काय झालं ते पाहू.

तीस डॉलरची भेट

सरकारने 'चिवो' नावाचं वॉलेट काढलं. वॉलेट म्हणजे फोनमधलं पाकीट. चिवो म्हणजे तिथल्या बोलीत 'झकास'! जो नागरिक हे पाकीट फोनवर घेईल त्याला सरकारकडून ३० डॉलर किमतीचे बिटकॉइन भेट. देशभर यंत्रं बसवली, केंद्रं उघडली. ज्या दुकानदाराला बिटकॉइन नको असतील त्याला लगेच डॉलर मिळावेत, म्हणून सरकारने १५ कोटी डॉलर बाजूला काढून ठेवले. हा पैसा अर्थातच जनतेचा होता.

पहिल्याच दिवशी काय झालं? सकाळी एका बिटकॉइनचा भाव सुमारे ५२,००० डॉलर होता. दिवसभरात तो घसरत एकदा ४३,००० च्या आसपास आला. पाटी-पेन्सिल घ्या आणि हिशेब करा. सकाळचे ३० डॉलर दुपारी किती झाले? जवळजवळ २५! म्हणजे काहीही खरेदी न करता पाच पुपुसा हवेत विरले.

पुढे आणखी पाहा. नोव्हेंबर २०२१ मध्ये भाव ६८,००० च्या वर गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये १६,००० च्या आसपास आला. पहिल्या दिवशीचे ३० डॉलर जपून ठेवणाऱ्याकडे तेव्हा जेमतेम ९ डॉलरचा ऐवज उरला होता. तोच त्याने डिसेंबर २०२४ पर्यंत दम धरला असता तर ५७-५८ डॉलर झाले असते.

तुम्ही म्हणाल, "म्हणजे शेवटी फायदाच झाला की!" ज्याला तीन वर्षं थांबता येतं, त्याला झाला. पण मावशींना उद्या सकाळी पीठ आणायचं आहे, महिनाअखेर भाडं भरायचं आहे. त्यांना थांबता येत नाही. घरातल्या सोन्याचा भाव वाढला तर आईला बरं वाटतं, पण गळ्यातलं सोनं देऊन कोणी मेथीची जुडी घेतं का? एखाद्या वस्तूची किंमत वाढणं वेगळं आणि तिने पैशाचं काम करणं वेगळं. या दोहोंची गल्लत करू नका. मोठी माणसंसुद्धा इथेच फसतात.

लोकांनाही हे सगळं मुकाट्याने पटलं नव्हतं. १५ सप्टेंबर २०२१ रोजी देशाच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं झाली. त्या दिवशी राजधानीत हजारो लोक रस्त्यावर उतरले. सरकारबद्दल त्यांच्या इतरही तक्रारी होत्या, पण बिटकॉइनच्या सक्तीबद्दलचा राग एवढा, की एक चिवो यंत्रच पेटवून दिलं गेलं.

लोकांनी काय केलं?

फेब्रुवारी २०२२ मध्ये अर्थशास्त्रज्ञांनी या देशातल्या १,८०० घरांत जाऊन माहिती गोळा केली. त्यांना काय दिसलं? निम्म्याहून अधिक मोठ्या माणसांनी चिवो फोनवर घेतलं होतं. वा! पण का घेतलं? मुख्यतः ३० डॉलरसाठी! ते खर्च केल्यावर शंभरातल्या ६० हून अधिक जणांनी त्या पाकिटाला पुन्हा हात लावला नव्हता. दुकानांपैकी सुमारे पाचव्या हिश्शानेच बिटकॉइन घेतले, आणि त्यांत मोठी दुकानं जास्त.

आणि चिवो वापरत राहिले ते कोण? तरुण, शिकलेले, बहुतेक पुरुष आणि ज्यांची बँकेत आधीच खाती होती असे. ज्यांच्यासाठी म्हणून हे केलं ते बाजूलाच राहिले. 'आम्ही रोखीलाच पसंती देतो, आणि याच्यावर आमचा भरवसा नाही,' हेच उत्तर पुन्हा पुन्हा मिळालं.

मग परदेशातून येणाऱ्या पैशांचं काय? पुढची काही वर्षं तिथल्या मध्यवर्ती बँकेने दिलेले आकडे पाहिले, तर शंभरातले जेमतेम एक-दोन डॉलर या मार्गाने येत होते. असं का व्हावं? नीट विचार करा. मुलगा अमेरिकेत डॉलर कमावतो. आईलाही घरी डॉलरच हवे आहेत. बिटकॉइनने पाठवायचं, तर आधी डॉलरचे बिटकॉइन करा आणि मग बिटकॉइनचे पुन्हा डॉलर करा. दोन वेळा बदलाबदल आली, आणि मध्ये भाव पडण्याची धास्ती आली. शिवाय रोख हातात घ्यायला आईला यंत्रापर्यंत जावं लागणारच. सरळ वाट असताना हा वळसा कोण घालील?

शेवटी जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या विधानसभेने कायदा बदलला. दुकानदारांवरची सक्ती गेली, सरकारी करही बिटकॉइनने भरता येईनासा झाला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून मिळणाऱ्या १४० कोटी डॉलरच्या कर्जाची ती एक अट होती. सरकारने स्वतः घेतलेल्या बिटकॉइनचा भाव मधल्या काळात वाढला, हे खरं. पण त्यामुळे गाड्यावरचा व्यवहार काही सोपा झाला नाही.

हरवलं तर कोणाकडे जायचं?

आणखी एक अडचण पाहा. बँकेचं कार्ड हरवलं तर आपण बँकेत जातो. बिटकॉइनच्या वहीला वर्गप्रमुखच नाही, हे आठवतं ना? मग तक्रार कोणाकडे करणार? तुमच्याकडे एक गुप्त किल्ली असते, म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची लांबलचक माळ. ती हरवली की संपलं. चुकीच्या पत्त्यावर पाठवलं की गेलं.

ब्रिटनमध्ये वेल्स नावाचा प्रांत आहे. तिथल्या न्यूपोर्ट शहरातल्या एका माणसाचं सांगतो तरी त्याचं दुःख समजणार नाही! हजारो बिटकॉइनची किल्ली ज्यात होती ती हार्ड डिस्क २०१३ मध्ये चुकून कचऱ्यात गेली. शहराचा कचरा डेपो उकरू द्या, म्हणून तो वर्षानुवर्षं नगरपालिकेच्या मागे लागला. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयानेही त्याचा दावा फेटाळला. 'मधे कोणी नको' ही गोष्ट ऐकायला छान वाटते, पण मधे कोणी नसलं की अडीनडीला धावून येणारंही कोणी नसतं.

वाट नवी, पैसा तोच

मग बँकेत खातं नसलेल्या माणसाला फोनवरून पैसे पाठवताच येणार नाहीत का? येतात की! त्यासाठी आफ्रिकेत केनियाला जाऊ.

तिथे २००७ मध्ये 'एम-पेसा' सुरू झालं. 'पेसा' म्हणजे स्वाहिली भाषेत पैसा. शब्द किती ओळखीचा वाटतो ना? गावातल्या छोट्या दुकानात जायचं, नोटा द्यायच्या. दुकानदार ती रक्कम तुमच्या फोनच्या नावावर जमा करतो. मग साध्या बटनांच्या फोनवरून संदेश पाठवून ती कोणालाही द्यायची. इंटरनेट नको, महागडा फोन नको, बँकेचं खातंही नको. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पैसा तोच. केनियाचा शिलिंग शिलिंगच राहिला. सकाळी शंभर तर संध्याकाळीही शंभर. या सोयीमुळे १,९४,००० कुटुंबं अतिगरिबीतून वर आली, असा अंदाज २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिला आहे.

आपल्या देशातलं यूपीआय तर तुम्ही रोज पाहता. २०१६ मध्ये ते सुरू झालं. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात त्यावर २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. पाणीपुरीच्या गाडीवरचा चौकोनी ठिपक्यांचा कागद तुमच्या ओळखीचाच आहे. तिथेही रुपया रुपयाच राहतो. यूपीआयला बँकेचं खातं लागतं, कधी नेट रुसतं, भामटे तिथेही फसवतात. पण 'आज या दहा रुपयांचे किती रुपये झाले?' असं पाणीपुरीवाल्या काकांना विचारावं लागत नाही. साध्या माणसाला नवा पैसा नको होता, जुन्या पैशाला नवी वाट हवी होती.

मग क्रिप्टोचा काहीच उपयोग नाही?

नाही, असं म्हणणंही अन्यायाचं होईल. ज्यांच्या घराचं छप्परच उडालं आहे, त्यांना फाटकी छत्रीही कामाची वाटते.

दक्षिण अमेरिकेतल्या अर्जेंटिनाचं उदाहरण घ्या. २०२३ या एका वर्षात तिथे महागाई २११ टक्क्यांनी वाढली. म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला १०० पेसोंना मिळणारी वस्तू अखेरीस ३११ पेसोंना! पेसो हातात ठेवणं म्हणजे बर्फ खिशात ठेवणं. डॉलर घ्यावेत, तर त्यावर सरकारी बंधनं. तेव्हा तिथल्या अनेकांनी डॉलरशी भाव बांधलेलं क्रिप्टो चलन फोनवर घेऊन ठेवलं. त्याला 'स्टेबलकॉइन' म्हणतात. लोकांना हवा होता स्थिर भाव. त्यांनी बिटकॉइनपेक्षा डॉलरशी बांधलेलं नाणं जवळ केलं, हेही लक्षात घ्या. पण अशी बांधलेली दोरीही कधी तुटते. मे २०२२ मध्ये 'टेरा' नावाचं असंच एक नाणं काही दिवसांत कोसळलं आणि जगभरच्या लोकांचे पैसे बुडाले.

युक्रेनवर फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने हल्ला केला, तेव्हा जगभरातून क्रिप्टोच्या रूपानेही मदत गेली. काही आठवड्यांतच कोट्यवधी डॉलर जमले.

म्हणजे उत्तर असं दिसतं. जिथे देशाचं चलन कोसळलं आहे, बँका बंद आहेत, सीमेपलीकडे पैसा पाठवायची दुसरी वाटच नाही, तिथे काही माणसांना क्रिप्टोचा आधार होतो. जिथे पैसा बऱ्यापैकी स्थिर आहे आणि तो पाठवायची सोपी सोय आहे, तिथे रोजच्या बाजारात त्याचं काम जवळजवळ उरतच नाही. उरतो तो भावाच्या चढ-उताराचा खेळ.

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी

भारतात बिटकॉइन हे कायदेशीर चलन नाही. त्याच्या खरेदी-विक्रीतून नफा झाला तर १ एप्रिल २०२२ पासून त्यावर ३० टक्के कर आहे, आणि १ जुलै २०२२ पासून ठरावीक रकमेपुढच्या विक्रीवर १ टक्का कर आधीच कापला जातो. कर लागतो म्हणून सरकारने हमी दिली, असा अर्थ मात्र काढू नये. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून 'ई-रुपया' प्रायोगिक रूपात लोकांसाठी आणला. तो रुपयाच आहे, क्रिप्टो नव्हे.

शाळकरी मुलांच्या फोनवरही 'झटपट श्रीमंत व्हा' असे संदेश येतात. 'गेनबिटकॉइन' नावाच्या योजनेत दरमहा १० टक्के, तेही १८ महिने देण्याचं आमिष दाखवलं होतं. देशभरातले लोक त्यात फसले. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी तिच्या सूत्रधाराला पकडलं. मुलांबरोबर बसून एवढाच हिशेब करा. १,००० रुपयांवर महिना १०० म्हणजे १८ महिन्यांत १,८०० रुपये. हे पैसे कोणत्या कामातून, कोणत्या मालातून येणार? याचं उत्तर मिळालं नाही, तर ते पुढच्या फसणाऱ्याच्या खिशातून येणार, हे मुलं स्वतःच सांगतील.

करून पाहा

मुलांनो, आता तुमची पाळी. कोणी नव्या पैशाची, नव्या ॲपची, नव्या योजनेची थोरवी सांगू लागलं, की हे चार प्रश्न विचारायचे.

१. हा पैसा माझ्या गल्लीतला दुकानदार घेईल का?
२. आज याने जेवढं येतं तेवढंच पुढच्या महिन्यातही येईल का?
३. चूक झाली किंवा हरवला, तर मी कोणाकडे जाऊ?
४. माझी कोणती अडचण यामुळे सुटते? की अडचण नसतानाच औषध विकत घेतोय?

येत्या रविवारी वहीत एक तक्ता आखा. डावीकडे लिहा नोटा-नाणी, यूपीआय, सोनं आणि बिटकॉइन. वरच्या बाजूला हे चार प्रश्न. मग किराणा दुकानदार, भाजीवाल्या आजी, रिक्षावाले काका, सोनार आणि तुमच्या घरातलं कोणी, अशा पाच जणांना विचारून रकाने भरा. जे उत्तर मिळेल तेच लिहायचं, मनातलं घालायचं नाही. तक्ता पूर्ण झाला की शाळेत न्या आणि इतरांच्या तक्त्यांशी ताडून पाहा. उत्तरं जुळली नाहीत, तर फारच उत्तम. का जुळली नाहीत, यावर वर्गात चर्चा करता येईल!